‘धावा!’ म्हणणारा काका

मंडळाच्या अंकासाठी मुलांच्या खेळाविषयी काहीतरी लिहून द्या, असा संपादकांचा निरोप आला तेव्हा मी आधी टाळाटाळच केली. लिहिण्यासारखं काय आहे? आमच्या टीमनं कधी कप आणला नाही. पण सौ. म्हणाली, ‘‘जिंकल्याचं सगळेच लिहितात. तुम्ही त्या वर्षीचं लिहा.’’ ‘त्या वर्षीचं’ म्हणजे २०१२-१३ च्या हिवाळ्याचं. आमच्या घरात एवढं म्हटलं की पुरतं.

आपल्या लोकांत खेळ म्हटला की क्रिकेट, फार तर बॅडमिंटन. बास्केटबॉल हा इथल्या बहारीनी मंडळींच्या आवडीचा खेळ. मनामा, अहली, मुहर्रक या क्लबांचे सामने असले की माझ्या ऑफिसातले बहारीनी सहकारी दुसऱ्या दिवशी कामापेक्षा त्याच गोष्टी जास्त करतात. त्या वर्षी मात्र इथल्या काही भारतीय मंडळांनी मिळून पंधरा वर्षांखालच्या मुलामुलींसाठी बास्केटबॉलचे सामने ठरवले. आठ टीम, प्रत्येकीचा प्रत्येकीशी एक सामना, म्हणजे सात सामने. ३० नोव्हेंबरपासून एक शुक्रवार आड, सकाळी आठला सुरू आणि जुम्म्याच्या नमाजाच्या आत सगळं आवरून मोकळं. आपल्या मुलांना शिकवणार कोण, असा प्रश्न निघाला आणि मी हात वर केला. कोणी आग्रह केला नव्हता, हे इथं कबूल करतो.

हात वर करायला कारण होतं. मी मूळचा भायखळ्याचा. आमच्या चाळीपासून नागपाडा चालत दहा-पंधरा मिनिटांवर. नागपाड्याचं ‘नेबरहुड हाउस’ पुष्कळांना ठाऊक नसेल. अमेरिकन मराठी मिशननं १९२७ साली ते सुरू केलं. टाटांची समाजकार्याची संस्था १९३६ साली तिथंच सुरू झाली. पण आम्हा पोरांना त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. आम्हाला तिथलं बास्केटबॉलचं कोर्ट माहीत होतं. नागपाड्यानं देशाला कितीतरी खेळाडू दिले. भारताचे कर्णधार अब्बास मुंतसिर तिथलेच. त्यांना १९७० साली अर्जुन पुरस्कार मिळाला. त्या कोर्टाच्या कुंपणाला लटकून मी जो खेळ पाहिला, आणि पुढे कॉलेजात जो थोडाफार खेळलो, तो धावता खेळ होता. समोरच्याचा शॉट हुकला, चेंडू आपल्या हाती आला, की ते मागे फिरायच्या आत दुसऱ्या टोकाला पोचायचं. याला ‘फास्ट ब्रेक’ म्हणतात. आमचे शिकवणारे एकच शब्द ओरडायचे : ‘‘धाव!’’ माझ्या मनात बास्केटबॉल म्हणजे हेच. दुसरं काही त्या नावाला शोभतच नाही, अशी माझी पक्की समजूत होती.

आता टीम कशी होती ते सांगतो. नऊ मुलं, त्यात दोन मुली. दोघे जुळे भाऊ होते, ते वाऱ्यासारखे पळायचे. दोन मुलींपैकी एक चिमुकली होती, पण एका जागी पाय रोवून शॉट घेतला की दहातले सहा आत. चौघं जण आईबाबांनी पाठवलं म्हणून आलेली होती, पण सांगितलेलं निमूट ऐकायची. एक माझा मुलगा. अंगानं काटकुळा, त्यात धुळीचा त्रास. शमाल सुटला की त्याच्या खिशात पंप असायचाच. आणि एक मुलगा होता, चौदाव्या वर्षीच सहा फुटांच्या घरात, अंगानं भरलेला आणि चालीनं संथ. त्याला इथं नुसतं ‘उंच’ म्हणतो. मुलं त्याला दुसऱ्या काही नावांनी हाका मारायची, ती अंकात छापण्यासारखी नाहीत.

या नऊ जणांना मी नागपाड्याचा फास्ट ब्रेक शिकवायला घेतला! धावणारे दोन आणि न धावणारे सात, हा हिशेब माझ्यासारख्या इंजिनियरला दिसू नये, याचं आता नवल वाटतं. तेव्हा वाटायचं, आज पळत नाहीत, उद्या पळतील. सरावात कोर्टाच्या दहा फेऱ्या, मग वीस. उंचाला मी रिंगखाली उभा केला. त्यानं रिबाउंड घ्यायचा, चेंडू जुळ्यांकडे फेकायचा आणि मागोमाग धावायचं. तो निम्म्या कोर्टावर पोचेपर्यंत खेळ उलटा फिरून परत त्याच्याच अंगावर यायचा. मी रेषेबाहेरून ओरडत होतो, ‘‘धाव! अरे, धाव!’’

पहिला सामना हरलो. दुसरा हरलो. तिसऱ्यात समोरच्यांचे ३१ आणि आमचे १२. त्या दिवशी वारं होतं. मुलगा मध्यंतरात दोनदा पंप घेऊन पुन्हा खेळायला उतरला, आणि मी त्यालाही ‘धाव’ म्हणालो. घरी येताना ईसा टाउनच्या सिग्नलला गाडी थांबली होती. मागच्या सीटवरून आवाज आला, ‘‘बाबा, तुम्ही शिकवता ते चांगलंच आहे. पण ज्या मुलांना शिकवताय ना, ती मुलं आमच्यात नाहीत.’’

मी काही बोललो नाही. रेडिओ लावला.

इथं अमेरिकेतली एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती त्याच दिवसांत आमच्या घरात रोज शिजत होती. माझा मुलगा लॉस एंजेलिसच्या लेकर्स टीमचा भक्त. त्यांचा मोठा खेळाडू कोबी ब्रायंट. सौ.ला हे नाव कधी पचलंच नाही. ‘‘आज कोबी चांगला झाला होता’’ असं पोरगं म्हणालं की ती म्हणायची, ‘‘मी तर भेंडी केली होती!’’ तर त्या वर्षी लेकर्सनी कोबीच्या जोडीला स्टीव्ह नॅश आणि ड्वाइट हॉवर्ड हे दोन नामवंत आणले. तरी सुरुवातीच्या पाचपैकी चार सामने हरले आणि प्रशिक्षक माइक ब्राउन यांची नोकरी गेली. त्यांच्या जागी माइक डँटोनी आले. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर ते कुबड्या घेऊनच कामाला लागले.

डँटोनी म्हणजे माझ्याच पंथाचे. फिनिक्सच्या टीमला त्यांनी असं पळवलं होतं की २००४-०५ च्या हंगामात ८२ पैकी ६२ सामने जिंकले. नियमानं शॉट घ्यायला २४ सेकंद मिळतात. त्यांचा हिशेब सात सेकंदांच्या आतला. पण तेव्हा त्यांचा नॅश ऐन भरात होता. लेकर्समध्ये आला तो ३८ वर्षांचा, आणि दुसऱ्याच सामन्यात त्याचा पाय मोडला. हॉवर्ड पाठीच्या शस्त्रक्रियेतून उठलेला. पाउ गॅसोल हा सात फुटी स्पॅनिश खेळाडू रिंगजवळ खेळणारा, हाताचा कसबी; या पद्धतीत त्याला जागाच सापडेना. जानेवारीत तर त्याला राखीव खेळाडूंत बसवलं. टीम हरत गेली. मुलगा सकाळी शाळेच्या बसची वाट बघताना निकाल सांगायचा आणि वर म्हणायचा, ‘‘बाबा, तुम्ही पण डँटोनीच!’’ मला ती स्तुती वाटायची.

११ जानेवारीच्या चौथ्या सामन्याला उंच आलाच नाही. हरलो, हे सांगायला नकोच. संध्याकाळी त्याच्या आईचा फोन आला की तो यापुढे येणार नाही, दुसऱ्या कोणाला घ्या. फोनवर ‘बरं’ म्हणालो असतो तर सुटलो असतो. सौ. म्हणाली, ‘‘घरी जाऊन या.’’

गेलो. वडील अॅल्युमिनियमच्या कारखान्यात शिफ्टवर गेलेले. आईनं पोहे पुढे केले आणि हळू आवाजात म्हणाली, ‘‘तो म्हणतो, मी टीमला जड होतो.’’ मी पोह्यांकडे बघत बसलो. हे शब्द मी कधी उच्चारले नव्हते. पण दोन महिने रेषेबाहेरून मी दुसरं काय सांगत होतो?

उंच आतल्या खोलीत खाली बसला होता. त्याची धाकटी बहीण बोळातून स्वयंपाकघरापर्यंत पळत होती आणि तो मोज्यांचा एक गोळा करून तिच्याकडे टाकत होता. मान वळवत नव्हता. ती दारापाशी पोचायची आणि गोळा बरोबर तिच्या ओंजळीत पडायचा. एकदा, दोनदा, पाच वेळा. दोन महिने हा मुलगा माझ्या हाताखाली होता, आणि त्याचे हात मी पाहिलेच नव्हते. मी त्याचे पायच बघत होतो.

त्याला म्हटलं, ‘‘परवा ये. तुला धावायला सांगणार नाही.’’ तो म्हणाला, ‘‘मग काय करू?’’ मी म्हटलं, ‘‘हेच.’’

पुढच्या सरावाला मुलांना गोल बसवलं आणि म्हणालो, ‘‘आतापर्यंत आपण हरलो त्यात चूक माझी होती.’’ वाक्य छोटं आहे, पण पन्नाशीतल्या माणसाला नऊ पोरांसमोर ते म्हणायला घशात अडकतं. मुलं गप्प. मग जुळ्यांतला एक अगदी मनापासून म्हणाला, ‘‘कुठली चूक, काका?’’ सगळे हसले आणि माझी सुटका झाली.

खडू घेऊन कोर्टावरच आकृती काढली. उंचाला रिंगखालून काढून फ्री थ्रोच्या रेषेपाशी आणला. रिंगकडे पाठ, तोंड आपल्या माणसांकडे. चेंडू आधी त्याच्या हाती द्यायचा. मग बाकीच्या चौघांनी त्याच्या दोन्ही बाजूंनी फिरत राहायचं. बचाव करणारा मुलगा चेंडू अडवायला पुढे आला की त्याच्या पाठीमागून रिंगकडे शिरायचं. शिरणाऱ्याला चेंडू देणं हे उंचाचं काम. कोणी मोकळं झालं नाही तर चेंडू कोपऱ्यात, पाय रोवून उभ्या असलेल्या चिमुकलीकडे. यात फार पळावं लागत नाही, बघावं लागतं.

ही काही माझी अक्कल नाही. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाचे प्रशिक्षक पीट कॅरिल यांनी १९६७ पासून २९ वर्षं याच तऱ्हेचा खेळ शिकवला. १९९६ साली त्यांच्या मुलांनी आदल्या वर्षीच्या विजेत्या यूसीएलए विद्यापीठाला ४३-४१ असं हरवलं, तेही शेवटच्या क्षणी अशाच पाठीमागून मारलेल्या मुसंडीवर. गंमत पुढेच आहे. लेकर्सच्या माइक ब्राउन यांनी त्या हंगामात हीच प्रिन्स्टनची पद्धत आणायचा प्रयत्न केला होता. जिच्या पायी तिकडे एकाची नोकरी गेली, तीच इकडे आमच्या मदतीला आली! तेव्हा पद्धतीला चांगली किंवा वाईट म्हणण्यात काही अर्थ नाही, एवढं मला कळलं.

बदल फुकट झाला नाही, हेही सांगायला हवं. जुळे रुसले. धावण्यात तेच तर पुढे होते, आणि आता सगळी टीम एका संथ मुलाभोवती फिरणार होती. थोरला (चार मिनिटांनी!) म्हणाला, ‘‘काका, मग आम्ही वाईट खेळत होतो का?’’ त्यांच्यासाठी एक वाट ठेवली. समोरच्याचा चेंडू मधेच हिसकावला तर कोणाला न विचारता पळत सुटायचं, मी अडवणार नाही. त्यावर समेट झाला.

२५ जानेवारीला पाचवा सामना. एखाद्या सिनेमात आम्ही इथून जिंकत गेलो असतो. प्रत्यक्षात मुलं नवं विसरायची, जुनं आठवायची. दोघं एकाच बाजूनं शिरायची आणि एकमेकांवर आदळायची. माझा मुलगा तर सवयीनं पळत सुटला, आणि रिंगखाली पोचून मागे बघतो तो चेंडू अजून उंचाच्या हातात. १९-२४ नं हरलो. घरी येताना वाटलं, आपण हंगामाच्या मध्यावर नसता उद्योग केला. जुनंच चालू ठेवलं असतं तर निदान त्यात हुशार तरी झाली असती.

दुसऱ्या दिवशी शनिवार, सुट्टीचा. सकाळी साडेसहाला मुलानं उठवलं. तिकडे लॉस एंजेलिसमध्ये शुक्रवारची रात्र होती आणि यूटाच्या टीमशी सामना चालू होत होता. दोघं संगणकासमोर चहा घेऊन बसलो. लेकर्स तोवर ४२ पैकी २५ सामने हरलेले. पण त्या सकाळी काहीतरी वेगळंच दिसत होतं. कोबी शॉट घेत नव्हता, दुसऱ्यांना देत होता. चेंडू आत, रिंगजवळच्या उंच माणसांकडे जात होता. सात सेकंदांची घाई कुठे दिसेना. कोबीनं त्या दिवशी १४ बास्केट दुसऱ्यांकडून करवून घेतली आणि स्वतः गुण काढले तेही १४ च. एका दिवसाआड ओक्लाहोमाशी पुन्हा १४ बास्केट करवली. दोन्ही सामने लेकर्सनी जिंकले. फिनिक्समध्ये ज्या खेळानं नाव मिळवलं, तो डँटोनींनी भर हंगामात बाजूला ठेवला होता. हातात आहेत ती माणसं काय करू शकतात, तेवढं बघितलं. उरलेल्या ४० पैकी २८ सामने जिंकून त्या टीमनं ४५-३७ वर हंगाम संपवला. एप्रिलमध्ये कोबीची टाच दुखावली, पुढच्या फेरीत सॅन अँटोनिओनं चारही सामन्यांत हरवलं. कप वगैरे काही नाही. पण त्या सकाळी मी एवढंच पाहिलं की माझ्याहून कितीतरी मोठा माणूस माझ्यासारखाच चुकला होता, आणि सगळ्या जगासमोर आपला हट्ट सोडत होता. मुलगा शेजारून म्हणाला, ‘‘बघा, डँटोनी पण तुम्हीच!’’

८ फेब्रुवारीचा सहावा सामना आम्ही जिंकलो. २२-२०. शेवटचं मिनिट, २०-२० अशी बरोबरी. उंच रेषेपाशी पाठ करून उभा, चेंडू त्याच्या दोन्ही हातांत, डोक्याच्या वर. माझा मुलगा डावीकडून आला, त्याला अडवणारा पोरगा अंगावर आला आणि हा पठ्ठ्या त्याच्या पाठीमागून आत शिरला. उंचानं मान वळवली नाही. मोज्यांच्या गोळ्यासारखा चेंडू मागे टाकला. माझा मुलगा तीन पावलं चालला असेल, फार तर. धावला नाही, धाप लागली नाही, पंप खिशात राहिला. चेंडू काचेला लागून आत. मी काय ओरडलो ते मला आठवत नाही. सौ. सांगते की ‘धाव’ नव्हतं.

सातवा सामना तीन गुणांनी हरलो. सातांपैकी एक जिंकला. बक्षीस समारंभात आमचं नाव शेवटून दुसरं आलं. पण सरावाला पुढच्या शुक्रवारी, सामने संपलेले असतानाही, नऊच्या नऊ मुलं हजर होती.

आपण इथं आलेली माणसं आहोत. येताना आपण लोणच्याच्या बरण्यांबरोबर आपापला नागपाडा घेऊन येतो. कोणाचा तो अभ्यासाचा असतो, कोणाचा गाण्याचा, कोणाचा ‘आमच्या वेळी’चा. तो खोटा नसतो. पण आपल्या घरातलं पोर त्या गल्लीत वाढलेलं नसतं, आणि आपण मात्र रेषेबाहेरून ओरडत राहतो.

या समुद्राच्या पलीकडेच इराण आहे. तिथं नाशिकच्या शैलजा जैन महिला कबड्डी संघाच्या प्रशिक्षक म्हणून गेल्या. कबड्डी आपली, मातीतली. त्यांनी आयुष्यभर शिकवलेली. ‘आम्ही म्हणू तसं’ म्हणायचा अधिकार कोणाला असेल तर तो त्यांना. पण त्यांनी आधी फारसी शिकून घेतली, म्हणजे मुलींशी थेट बोलता येईल. त्या मुलींनी २०१८ च्या ऑगस्टमध्ये जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत अंतिम सामन्यात भारतालाच २७-२४ असं हरवून सुवर्णपदक घेतलं. सामना पाहताना आमच्या घरात कोणाच्या बाजूनं ओरडायचं तेच कळेना. मला मात्र त्या फारसीचं जास्त कौतुक वाटलं.

उंचाच्या वडिलांचा करार २०१३ च्या जूनमध्ये संपला आणि ते कुटुंब पुण्याला परत गेलं. इथं असंच असतं, टीम पुरी होते तोवर कोणाचं तरी सामान बांधून होतं. आता तो नोकरी करतो आणि रविवारी सोसायटीतल्या पोरांना बास्केटबॉल शिकवतो. गेल्या वर्षी त्याचा फोन आला, आवाज अगदी वैतागलेला. ‘‘काका, माझ्याकडे सगळी पळणारीच पोरं आली आहेत. उभं राहून पास द्यायला शिकवतोय, ऐकतच नाहीत!’’

मी म्हटलं, ‘‘अरे, मग पळू दे त्यांना.’’